चालता ठिपका

जयमालाचा जीव त्या दिवशी सकाळपासून एका हिरव्या ठिपक्यात अडकला होता. मोबाइलच्या काचेवरचा, ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका. तो ठिपका म्हणजे तिचा नवरा शिवहरी. संग्रामपूरहून सोनाळ्याला जाणाऱ्या रस्त्यालगत उकंडरावांचं कपाशीचं वावर होतं आणि तिथे शिवहरी पाठीवर पेट्रोलवर चालणारा पंप घेऊन औषध फवारत होता. आयुष्यात पहिल्यांदाच. त्याचे हात मोबाइलचे बारीक स्क्रू काढायचे, पंप सुरू करायची दोरी ओढायचे नव्हेत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनंच त्याला पाठवलं होतं.

पाठवलं म्हणजे काय, तो निघाला तेव्हा ती दारात आडवी झाली नाही, एवढंच. पण बायकोच्या मनाला असले बहाणे पटत नाहीत.

बसस्टँडजवळ त्यांचं मोबाइलचं दुकान होतं. तो फोन दुरुस्त करी, ती रिचार्ज मारी आणि गिऱ्हाइकांशी बोले. बोलण्यात ती पटाईत. मग स्वस्तातलं नेट आलं, लोक घरबसल्या रिचार्ज करायला लागले आणि दुकानात माश्या तेवढ्या नेमानं यायच्या. अशात एक दिवस फोनवर निरोप आला की ग्रामीण भागातल्या नव्या संधींवर शेगावच्या एका लॉजच्या हॉलमध्ये सभा आहे, जेवण फुकट. निम्मे लोक महाराजांचं दर्शन उरकून जेवणासाठी आले होते. जयमाला मात्र पहिल्या रांगेत वही-पेन घेऊन बसली.

बोलणारा पुण्याचा होता, कौस्तुभ नावाचा. वय असेल अठ्ठावीस-तीस, पायात पांढरे बूट, आणि आत्मविश्वास असा की कपाशीचं झाड त्यानं कधी हातात धरलं नसेल ही शंकाही कुणाला येऊ नये. तो म्हणाला, बीटी बियाणं आलं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की आता फवारणीची कटकट संपली. पण गुलाबी बोंडअळी बीटीलाही जुमानेनाशी झाली आहे. म्हणजे फवारण्या वाढणार, फवारायला माणसं मिळणार नाहीत, आणि प्रत्येकाच्या खिशात फोन तर आहेच. लोकांची अडचण हीच आपली बाजारपेठ, असं तो म्हणाला आणि थांबला, टाळ्यांसाठी. ज्यांची बोंडं अळीनं पोखरली होती ते मागच्या खुर्च्यांवर बसले होते, त्यांचे हात काही हलले नाहीत. जयमालानं टाळ्या वाजवल्या.

ॲपचं नाव ‘फवारा’. शेतकऱ्यानं बटण दाबायचं, की जवळचा फवारणीवाला पंप घेऊन हजर. काम झालं की शेतकऱ्यानं त्याला तारे द्यायचे. आपल्याकडचे लोक त्यांना चांदण्याच म्हणायला लागले. चांदण्या जास्त तर कामं जास्त. तालुक्याची जबाबदारी एका माणसाकडे, आणि संग्रामपूरचं ते माणूस म्हणजे जयमाला. माणसं जमवायची, पंप पोचवायचे आणि दिवसभर फोनवर लक्ष ठेवायचं. कारण फवारणीवाल्याचा फोन चालला की नकाशावर ठिपका चालायचा, आणि ठिपका जरा वेळ थांबला की ॲप समजायचं, माणूस कामचुकारपणा करतोय. चांदणी कापली जायची. चांदण्या कमी झाल्या, एखादं काम नाकारलं गेलं, की नकाशावर सबंध तालुका लाल व्हायचा आणि सगळ्यांचीच कामं कमी व्हायची. पुण्यात बसून ज्यानं कुणी हे ठरवलं त्यानं भरलेला पंप पाठीवर घेऊन बघायला हवा होता. पण ते आता म्हणायचं. तेव्हा जयमालाला त्यात काही खटकलं नाही.

पहिला फवारणीवाला मतीन. मेहनती, बोलायला मोकळा. त्याच्या खिशात औषध झिरपून फोन बंद पडला. शिवहरीनं फुकट दुरुस्त करून दिला, तर आठवड्यात पुन्हा तेच. मग मतीन फोन बांधावरच्या बाभळीला टांगून आत जायला लागला. ठिपका बाभळीशी थांबला, चांदण्या कापल्या गेल्या. आणि मग एके दिवशी मतीनच्या चांदण्या अचानक वाढायला लागल्या. जयमालानं विचारलं तेव्हा तो आधी लाजला, मग सांगून मोकळा झाला. बांधावर बकऱ्या चरत होत्या. त्यातल्या एकीच्या गळ्यात त्यानं पिशवीत गुंडाळलेला फोन बांधला. बकरी दिवसभर फिरते, ठिपका दिवसभर चालतो, आणि पुणं खूश.

जयमाला डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. रात्री शिवहरीला सांगून पुन्हा हसली. आणि दुसऱ्या दिवशी तिनं एकेकाला बोलावून तेच शिकवलं. ज्याच्या शेजारी बकरी नाही त्यानं गाईच्या, वासराच्या गळ्यात बांधा, म्हणाली, पण ठिपका थांबता कामा नये. महिन्याभरात संग्रामपूर सगळ्यात हिरवा तालुका झाला. कौस्तुभनं तिचा फोटो ॲपवर लावला. तो फोटो तिनं माहेरी पाठवला, नणदेला पाठवला, आणि जिच्याशी बोलणं बंद होतं त्या शेजारणीलाही पाठवला.

त्या वर्षी कपाशी वेडीवाकडी वाढली होती. पुरुषभर उंच, काही ठिकाणी त्याच्याही वर. पऱ्हाटीच्या दोन ओळींतून माणूस चालला की बाहेरून दिसायचाच नाही, नुसता पंपाचा आवाज आणि वर उडणारा धूर. खांद्याच्या वर हात करून फवारायचं, म्हणजे औषध पानांवर जेवढं पडे तेवढंच तोंडावर येई. अळी मरत नाही म्हणून लोक दोन-दोन औषधं एकत्र करून टाकत होते. यवतमाळकडून वाईट बातम्या येत होत्या. फवारता फवारता माणसं आडवी होत होती. ॲपच्या कंपनीनं तोंडाला बांधायला मास्क आणि डोळ्यांना चष्मे पाठवले होते, पण ऑक्टोबरच्या त्या उन्हात ते कुणी पाच मिनिटंही ठेवत नसे. जयमाला बातमी आली की पान पुढे सरकवायची. आपल्याकडे असं काही नाही, असं ती स्वतःलाच सांगे. भीती तिला तेव्हाही वाटत होती, फक्त ती भीतीला दारातूनच परत पाठवत होती.

आणि त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी ज्याच्याकडे उकंडरावांचं काम होतं त्या माणसाचा फोन आला. डोळ्यांची आग होते, मळमळते, उद्या जमणार नाही. दुसरा कुणी मोकळा नव्हता. आणि परवा कौस्तुभ मुंबईचे पैसेवाले पाहुणे घेऊन ‘सगळ्यात हिरवा तालुका’ दाखवायला येणार होता. जयमाला नुसती फोन हातात घेऊन बसली. शिवहरीनं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि तोच म्हणाला, मी जातो, एका दिवसाचा तर प्रश्न आहे. तिनं नाही म्हणायला तोंड उघडलं, पण आधी मनात तालुका लाल झालेला दिसला आणि तोंड पुन्हा मिटलं.

सकाळी मात्र तिनं त्याला एक गोष्ट बजावली.

“फोन तुमच्या अंगावर पायजे. दोन पिशव्यांत गुंडाळा, खिशात ठेवा. खराब झाला तर झाला. पण बकरीच्या गळ्यात नाही. मले तुम्ही दिसले पायजे.”

“हाव,” तो हसत म्हणाला. “दिवसभर पाहत राह्य मले. लग्न झाल्यापासून एवढं पाहलं नसशीन.”

ती हसली नाही.

तर असं ते. सकाळभर ठिपका शहाण्यासारखा चालला. वावराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, मग वळून परत सरळ. मशीनवर टीप मारावी तसा. टाकी भरायला तो बांधाशी थांबे, तेवढा वेळ ती काचेवरची नजर काढत नसे, आणि पुन्हा चालायला लागला की ती श्वास सोडी. गिऱ्हाइकाला मोबाइलची काच बसवून देताना तिनं ती दोनदा वाकडी बसवली. गिऱ्हाईक कुरकुरलं, तर त्याच्यावरच खेकसली.

मग दुपारच्या सुमाराला ठिपका थांबला. टाकी भरायला थांबतो त्याहून जास्त थांबला. तिनं फोन लावला, घंटी वाजत राहिली, उचलला नाही. पंपाच्या आवाजात ऐकू येत नसेल, ती मनात म्हणाली, आणि लगेच लक्षात आलं की थांबलेल्या माणसाचा पंप कशाला चालू असेल. तिनं गजानन महाराजांचं नाव घेतलं. आणि तेवढ्यात ठिपका चालायला लागला. ती मटकन स्टुलावर बसली. डबा उघडला, भाकरीचे दोन घास कसेबसे खाल्ले आणि पुन्हा फोनकडे पाहिलं.

ठिपका आडवा चालला होता.

ओळी उभ्या होत्या आणि ठिपका ओळी कापत आडवा चालला होता. त्या वर्षीच्या कपाशीत दोन झाडांच्या फांद्या एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की पाठीवर पंप घेतलेला माणूस आडवा जाऊच शकत नव्हता. ठिपका वावराच्या बाहेर पडला. नाल्यापाशी गेला. तिथे जरा रेंगाळला, मग उगीचच एक वळसा घेतला आणि बांधाच्या कडेकडेनं सावकाश परत आला. मध्येच थांबला, दोन पावलं पुढे गेला, पुन्हा थांबला. हे असं चालणं जयमालाला चांगलं ओळखीचं होतं. महिनाभर रोज ती हेच बघत होती आणि पुण्याला हिरवं म्हणून पाठवत होती.

तिनं स्वतःची समजूत घालायचे सगळे उपाय केले. दमला असेल, सावलीत बसला असेल, फोन भिजायला लागला म्हणून बांधला असेल. पण बसलेला माणूस बायकोला फोन करतो. एवढं ओळखते ती त्याला. मग तिनं उकंडरावांना फोन लावला. ते वरवट बकालला ट्रॅक्टरच्या कामासाठी गेले होते. त्यांनी तिथूनच आपला मोबाइल बघितला आणि खुशीत सांगितलं, चालू आहे ना काम, मला दिसून राह्यलं, तुमचे मालक तर जरासे बसतही नाहीत, चांदण्या पूर्ण देतो. ज्याचं वावर तोही ठिपकाच बघत होता. त्या वावराकडे आत्ता या घडीला माणसाच्या डोळ्यांनी बघणारं कुणीच नव्हतं.

दुकानाचं शटर अर्धं ओढून ती स्कूटीवर बसली. कुलूप लावायचंही तिला सुचलं नाही. रस्त्यात खड्डे होते, गाडी दोनदा घसरता घसरता वाचली. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती की आपण त्याला एकदा, नुसतं एकदा, जाऊ नका म्हटलं असतं तर तो थांबला असता. त्याला थांबायला निमित्तच हवं होतं. आणि आपण फोनचं सांगत बसलो.

वावराच्या बांधाशी तिनं गाडी टाकली आणि आधी कान दिला. पंपाचा आवाज नव्हता. कुठलाच आवाज नव्हता. फक्त औषधाचा उग्र, घशात जाऊन बसणारा वास होता.

नाल्याकडून झुंबरबाई येताना दिसली. त्या भागात बकऱ्या चारणारी म्हातारी, सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या काळ्या बकरीच्या गळ्यात शिवहरीचा रुमाल बांधलेला होता आणि रुमालात दोन पिशव्यांत गुंडाळलेला फोन. जयमालाला बघून म्हातारी घाबरली. तिला वाटलं, बकरीवरून भांडायला आली. मग तिनं भराभरा सांगितलं. तो मधात बाहेर आला होता, म्हणाली. ओकला. हातपाय थरथरत होते, बसून राहिला, पाणी पिला. ती म्हणाली, घरी जा लेकरा. तर तो म्हणाला, थोड्याच ओळी राहिल्या.

“आन् फोन?” जयमालानं विचारलं.

“त्यानंच बांधला माय. म्हणे, ठिपका थांबला की माही बायको घाबरते. तिकडे दुकानात एकटीच हाय, जीव खाली-वर करत बसीन. जरासा टेकतो, तवरक तुह्या बकरीले फिरू दे. मंग उठला न् आत गेला. पंपाचा आवाज बंद झाला तवा मले वाटलं, पेट्रोल सरलं असीन.”

जयमाला कपाशीत शिरली. दोन पावलांतच बाहेरचं जग नाहीसं झालं. वर, बाजूला, पुढे सगळीकडे पानंच पानं. ती हाका मारत होती आणि हाका त्या पानांत मुरून जात होत्या. नवऱ्याला नावानं हाक मारायची नसते हे ती विसरली, “शिवहरी, शिवहरी” करत ओळीमागून ओळ धुंडाळत राहिली. पानांवरचं औषध तिच्या तोंडाला, हातांना लागत होतं. अशानं तो सापडायचा नाही, वावर मोठं होतं. मग तिच्या ध्यानात आलं की पानं ओली आहेत. इथपर्यंत फवारून झालंय. जिथे पानं कोरडी लागतील तिथे तो असेल. ती फांद्या मोडत, अंग ओरबाडून घेत आडवी घुसली. हात लावून बघत गेली. ओली. ओली. ओली. पुढच्या ओळीत हात लावला आणि पान कोरडं लागलं.

तिला तिथे पाऊल टाकायची हिंमत होईना. इतकी भीती तिला कधीच वाटली नव्हती, बाळंतपणातही नाही. न बघता इथूनच परत जावं, दुकानात जाऊन बसावं आणि फोनवर ठिपका चालताना बघत राहावं, असंही क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

तो ओळीच्या मधोमध पालथा पडला होता, पाठीवर पंप तसाच. पंपाचं झाकण सैल होऊन सगळी पाठ औषधानं भिजली होती. तोंडातून फेस येत होता, अंग घामानं निथळत होतं आणि पायाला मधूनच झटका येत होता. झटका येतोय म्हणजे जिवंत आहे, एवढंच तिला कळलं. तिनं पट्टे सोडले, पंप ढकलून दिला आणि त्याच्या काखेत हात घालून त्याला ओढायला लागली. झुंबरबाई मागून आली होती. त्या वाळलेल्या म्हातारीच्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. दोघींनी मिळून त्याला बांधावर आणलं. झुंबरबाईनं स्वतःच त्याचा सदरा फाडून काढला आणि टाकीसाठी आणलेलं पाणी त्याच्या अंगावर ओतलं. रस्त्यानं संत्र्याची रिकामी पिकअप चालली होती, तिच्या समोर जयमाला हात पसरून उभी राहिली. निघताना औषधांचे रिकामे डबे मात्र तिनं आठवणीनं उचलले. दोन होते, दोन वेगवेगळे.

शेगावच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आधी डबेच मागितले. ते बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. इंजेक्शनं सुरू झाली. डोळ्यांच्या बाहुल्या बॅटरी मारून बघितल्या. अजून थोडा वेळ तिथेच पडून राहिला असता तर काही करता आलं नसतं, असं त्या म्हणाल्या. वाचेल का, या प्रश्नावर त्यांनी उद्या सकाळी सांगते असं उत्तर दिलं. जयमाला खाटेशी उभी राहिली. तिच्या स्वतःच्या हातांची आग होत होती, नर्सनं तिला साबणानं हात धुवायला लावले.

बऱ्याच वेळानं शिवहरीनं डोळे उघडले. तिला ओळखायला त्याला वेळ लागला. ओठ हलले, म्हणून ती वाकली.

“लाल झालं काय वं?” त्यानं विचारलं.

ती नाही म्हणाली. मान हलवत राहिली, नाही, नाही. त्याचे डोळे मिटले. ती बाहेर व्हरांड्यात आली आणि भिंतीला डोकं टेकवून रडली. येणारे-जाणारे बघत होते, बघू देत म्हणाली. रडणं ओसरलं तसा तिला संताप आला. फोन काढून तिनं कौस्तुभला लावला. शिवहरी वावरात पडला, विष अंगात भिनलंय, दवाखान्यात आणलंय, असं एका दमात सांगितलं. माणूस वाईट नव्हता तो, खरंच गोंधळला होता.

“पण ताई,” तो म्हणाला, “माझ्याकडे तर ते अजून काम करताना दिसतायत. रेटिंगही छान आहे. तुमची खात्री आहे ना?”

फोन बकरीच्या गळ्यातच राहिला होता. नवऱ्याला उचलण्याच्या गडबडीत ती तो विसरून आली होती. झुंबरबाई बकऱ्या घेऊन घरच्या वाटेला लागली असेल, आणि शिवहरी पुण्याच्या काचेवर अजून फवारत होता.

जयमालानं फोन कानापासून काढला आणि ॲप उघडलं. सबंध तालुका समोर आला. सातपुड्याच्या पायथ्यापासून इकडे खालपर्यंत हिरवे ठिपके पसरले होते आणि सगळे चालत होते. एकही थांबलेला नव्हता. कालपर्यंत हे चित्र बघून तिचा ऊर भरून यायचा. आता तिच्या अंगावर काटा आला. यातलं माणूस कोणतं आणि बकरी कोणती, हे तिला सांगता येत नव्हतं. तिनंच तशी सोय करून ठेवली होती.

तिनं कामं थांबवायचं बटण दाबलं. ॲपनं सांगितलं, फवारणीवाल्याला सूचना पाठवली आहे, त्याच्या होकाराची वाट पाहा. सूचना बकऱ्यांच्या गळ्यांत वाजल्या असतील. मग ती एकेका शेतकऱ्याला फोन लावत सुटली. प्रत्येकाला तेच सांगत होती. तुमच्या मोबाइलकडे बघू नका, स्वतः वावरात जा, माणूस डोळ्यांनी बघा, त्याला बाहेर काढा आणि मला सांगा. काहींना राग आला. एकानं विचारलं, अर्धं वावर तसंच सोडू का. पण तिच्या आवाजात काहीतरी असं होतं की शेवटी सगळे गेले. एकेकाचा निरोप येत गेला. आहे, ठीक आहे. याचं डोकं दुखतंय, घरी पाठवला. हा ओकून राह्यलाय, आणतो दवाखान्यात.

शेवटी मतीन राहिला. तो टुनकीकडे अर्जुनरावांच्या वावरात होता. अर्जुनराव म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, फोन तसाच चालू ठेवून ते वावरात शिरले. जयमालाला पानांची सळसळ ऐकू येत होती, त्यांचा दम लागलेला ऐकू येत होता. ते मतीनला हाका मारत होते. एक हाक, मग सळसळ, मग दुसरी हाक. उत्तर येत नव्हतं. मतीनची बायको गुलनार हिला तिनंच सांगितलं होतं, काळजी करू नको, मी दिवसभर बघत असते ना त्याला.

मग लांबून आवाज आला, “हाव, इकडं हाय.”

ती तिथेच व्हरांड्यात खाली बसली. अर्जुनरावांनी फोन मतीनच्या हातात दिला.

“मतीनभाऊ, बाहेर निंघा,” ती म्हणाली. “आत्ता निंघा. हे वावरात पडले. दवाखान्यात हाय, धड शुद्धीत नाही.”

त्यानं शिवहरीसाठी दुवा मागितली, मनापासून मागितली. त्याचा आवाज जड झाला होता, शब्द जिभेवर अडखळत होते.

“त्याहीले सवय नव्हती भाभी,” तो म्हणाला. “आमाले हाय. डोळे जराशे जळून राह्यले, हात कापून राह्यले, बाकी काई नाही. दोनच टाक्या राह्यल्या. आता सोडलं तर लाल होईन, उद्या काम भेटन काय मले?”

“मतीनभाऊ, मी सांगून राह्यली ना.”

“तुम्हीच तं सांगतलं होतं भाभी, थांबाचं नाही म्हणून.”

फोन पुन्हा अर्जुनरावांकडे गेला. ते त्याला काहीतरी समजावत होते, मतीन “झालंच, झालंच” म्हणत होता आणि त्याचा आवाज कपाशीत आत आत जात होता. जयमाला फोनमध्ये बोलत राहिली, त्याला अडवा म्हणाली, त्याचा पंप ओढून घ्या म्हणाली, तुमच्या पाया पडते म्हणाली. पलीकडे कुणीतरी पंपाची दोरी ओढली. पंप लागला नाही. पुन्हा ओढली. आणि मग तो सुरू झाला, आणि तिचं बोलणं त्या आवाजात कुणालाच ऐकू गेलं नाही.